व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या : काय सांगतात, किती ऐकावे

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ गाढवी नदी अडवून इटियाडोह धरण बांधले गेले. ते १९७० साली पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांवर गोंदियाबरोबरच भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतलाही धान पिकतो. या धरणाच्या आसपासच्या गावांतून दहावीला बसणाऱ्या मुलामुलींपुढे दर उन्हाळ्यात तोच प्रश्न येतो : पुढे काय? अर्जुनीला किंवा वडशाला अकरावीत जायचे, आयटीआय धरायचे, पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला लागायचे, नागपूर गाठायचे की घरच्या बांधीतच रोवणीला उतरायचे? सल्ला देणारे पुष्कळ असतात. त्या मुलाचा स्वभाव आणि आवड नीट पाहून सल्ला देणारे मात्र थोडे.

ही उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात २०१६ साली झाला. राज्य माध्यमिक मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू केली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे, ते त्यातून शोधायचे होते. पुढे तिला अभिक्षमता चाचणीचीही जोड मिळाली. मुंबईतल्या मुलांना जे प्रश्न होते, तेच गोठणगावच्या मुलांना होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सर्व थरांतल्या मुलांना मानसशास्त्रीय चाचणीचा अनुभव मिळावा, ही गोष्ट आपल्याकडे नवी होती.

आता तर चाचणीसाठी शाळेचीही वाट पाहावी लागत नाही. फोनवर दहा मिनिटांत साठ-सत्तर प्रश्नांची उत्तरे दिली की चार अक्षरांचा एक प्रकार हाती येतो, आणि त्याखाली आपल्या स्वभावाचे दोन-तीन पाने वर्णन. त्यात कोणते करिअर आपल्याला शोभेल तेही लिहिलेले असते. महाविद्यालयीन मुले ही अक्षरे स्वतःच्या ओळखीत लिहितात, कंपन्या प्रशिक्षणात वापरतात, समुपदेशक फी घेऊन अहवाल देतात.

इथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. काय करायला आवडते, तो कल. काय चांगले जमू शकेल, ती अभिक्षमता. माणूस साधारणपणे कसा वागतो, ते व्यक्तिमत्त्व. या तिन्ही मोजायच्या पद्धती निराळ्या आहेत आणि त्यांची विश्वासार्हताही निराळी आहे. या प्रकरणात मुख्यतः तिसरीचा, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांचा विचार करू.

लक्षणे आणि शिक्के

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस फार जुनी आहे. आयुर्वेदाने वात, पित्त, कफ यांवरून प्रकृती सांगितली. ग्रीक वैद्यांनी शरीरातल्या चार द्रवांवरून चार स्वभाव मांडले. सत्त्व, रज, तम हे तीन गुण गीतेतून घराघरांत पोचले. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षण, रजोगुण, तमोगुण, सत्त्वगुण, पढतमूर्खलक्षण असे समास लिहिले. त्यामागचा समर्थांचा हेतू ध्यानात घेण्याजोगा आहे. ऐकणाऱ्याने ती लक्षणे स्वतःत तपासावीत, टाकण्याजोगी टाकावीत आणि घेण्याजोगी घ्यावीत, यासाठी ती सांगितली आहेत. लक्षण बदलता येते, हे तिथे गृहीतच आहे. पत्रिकेतला देवगण किंवा राक्षसगण मात्र जन्मनक्षत्रावर ठरतो. तो बदलायची सोयच नसते, आणि त्यावरून लग्ने मोडतात.

लक्षण सांगणे आणि शिक्का मारणे यांतला हा फरक महाराष्ट्राने फार महाग किंमत देऊन पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लष्कराने ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिगरलढाऊ जाती’ अशी विभागणी स्वीकारली. ज्या महार सैनिकांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरली गेली होती, त्यांच्याच समाजाची लष्करभरती १८९० च्या दशकात बंद झाली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली विनंतिअर्ज तयार केला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारध्यांसारख्या समाजांच्या मागे लागलेला संशय त्यानंतरही राहिला. या दोन्ही प्रसंगी एकेका माणसाकडे कोणी पाहिलेच नाही. प्रकार आधी ठरला आणि माणूस त्यात कोंबला गेला.

आजची व्यक्तिमत्त्व चाचणी निदान एकेका माणसाला प्रश्न विचारते, आणि ही मोठी सुधारणा आहे. पण उत्तरांवरून पुन्हा शिक्काच मारायचा असेल, तर जुनी चूक नव्या कागदावर उतरते.

सोळा प्रकारांचा जन्म

जगातली सर्वांत लोकप्रिय प्रकार-चाचणी म्हणजे मायर्स-ब्रिग्ज. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांचा व्यक्तिप्रकारांवरचा ग्रंथ १९२१ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे वर्गीकरण लोकांच्या तोंडी रुळले ते त्याच्यामुळे. अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज यांनी तो वाचला आणि त्या झपाटून गेल्या. त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच्या आधारे प्रश्नावली रचायला घेतली. युद्धामुळे अनेक स्त्रिया पहिल्यांदाच कारखान्यांत आणि कार्यालयांत जात होत्या. कोणाला कोणते काम मानवेल ते कळावे, ही इझाबेल यांची तळमळ होती. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते, पण त्यांची चिकाटी विलक्षण होती. १९६२ साली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने ही चाचणी संशोधनासाठी प्रसिद्ध केली. १९७५ नंतर नव्या प्रकाशकाने ती जगभर पोचवली.

तिची रचना सोपी आहे. चार जोड्या घेतल्या आहेत : लोकांत रमणारा की स्वतःत रमणारा, प्रत्यक्ष तपशील पाहणारा की शक्यता पाहणारा, तर्काने ठरवणारा की भावनेने ठरवणारा, आखून काम करणारा की मोकळे ठेवणारा. प्रत्येक जोडीतले एक पद घेतले की सोळा प्रकार होतात. फोनवर फुकट मिळणाऱ्या बहुतेक चाचण्या याच कल्पनेवर उभ्या आहेत, मग प्रश्न कोणीही लिहिलेले असोत. या रचनेतला एक गुण मान्य करायला हवा. ती कोणालाच वाईट म्हणत नाही. सोळाही प्रकार आपापल्या जागी चांगले आहेत, असे ती सांगते. तिच्या लोकप्रियतेचे मोठे कारण हेच आहे.

पुन्हा मोजले तर?

कोणतीही चाचणी दोन कसोट्यांवर तपासतात. पहिली विश्वसनीयता : तेच पुन्हा मोजले तर उत्तर तेच येते का? दुसरी सप्रमाणता : जे मोजतो म्हणून सांगते तेच ती मोजते का, आणि त्यावरून पुढचे काही सांगता येते का?

पहिल्या कसोटीवर प्रकार-चाचण्या अडखळतात. मायर्स-ब्रिग्जवरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या अभ्यासकांनी नोंदवले आहे की पाच आठवड्यांच्या अंतराने तीच चाचणी दिली तरी निम्म्यापर्यंत लोक वेगळ्या प्रकारात जातात. पाच आठवड्यांत माणसाचा स्वभाव पालटत नाही. मग हे होते कसे? साधे गणित करून पाहू. समजा, एका जोडीतले तुमचे अक्षर दुसऱ्या वेळी तेच येण्याची शक्यता ८५ टक्के आहे. ही शक्यता वाईट नाही. पण प्रकार तोच यायचा तर चारही अक्षरे तीच यायला हवीत. ०.८५ चार वेळा एकमेकांशी गुणले की उत्तर येते ०.५२. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांचे निदान एक अक्षर बदलणार.

याचे मूळ आहे मधोमध मारलेल्या रेघेत. बहिर्मुखतेचे गुण मांडले तर लोकांचे दोन वेगळे ढीग दिसत नाहीत. बहुतेक जण मध्याच्या आसपास असतात आणि टोकाला थोडेच. इटियाडोहच्या जलाशयात पाणी किती आहे, ते मोजपट्टीवर मीटरमध्ये वाचतात. त्याऐवजी अर्ध्यावर रेघ ओढून ‘भरलेले’ आणि ‘रिकामे’ एवढेच दोन शब्द लिहायचे ठरवले, तर रेघेच्या बोटभर वर आणि बोटभर खाली असलेली पाणीपातळी वहीत एकमेकीच्या अगदी विरुद्ध नोंदली जाईल. प्रकार-चाचणी मधल्या लोकांचे नेमके हेच करते. ५१ गुणांचा बहिर्मुख आणि ४९ गुणांचा अंतर्मुख हे एकमेकांसारखे असतात, पण अहवाल त्यांना दोन निराळ्या जातींचे ठरवतो.

दुसऱ्या कसोटीवरही पुरावा तोकडा आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९१ साली उपलब्ध संशोधन तपासून सांगितले की करिअर-मार्गदर्शनात मायर्स-ब्रिग्ज वापरण्याचे समर्थन करता येईल इतका नीट रचलेल्या अभ्यासांचा आधार नाही. चाचणीच्या पुरस्कर्त्यांची स्वतःचीच नियमावली सांगते की नोकरीसाठी निवड करताना ती वापरू नये. तरीही अनेक ठिकाणी तसा वापर होतो.

वर्णन पटते, म्हणून खरे?

“पण माझे वर्णन तर तंतोतंत जुळले,” असे कितीतरी लोक मनापासून सांगतात. या अनुभवाला उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली दिले.

फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली. काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती त्याचा अहवाल ठेवला आणि तो किती अचूक वाटतो, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग त्यांनी उघड केले की सर्वांना दिलेला अहवाल एकच होता, आणि त्यातली वाक्ये बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. तुम्हाला इतरांनी आपली कदर करावी असे वाटते, तुम्ही कधी मिळून-मिसळून वागता तर कधी गप्प राहता, तुमच्यात अजून न वापरलेली बरीच क्षमता आहे, अशा धाटणीची ती वाक्ये होती. ती कोणाला लागू पडणार नाहीत?

या परिणामाला पुढे बार्नम परिणाम म्हणू लागले. वर्णन पुरेसे मोघम असावे, बऱ्यापैकी गोड असावे आणि ते खास आपल्यासाठी लिहिले आहे असे आपल्याला वाटावे, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की मन हो म्हणते. वर्तमानपत्रातले राशिभविष्य याच बळावर वाचले जाते. म्हणून चाचणी पटली की नाही, यावरून तिचा खरेपणा ठरत नाही. तिने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या कोणाला लागू पडणार नाही अशी आहे का, आणि पुढच्या वागण्यात ती दिसते का, हे विचारावे लागते.

प्रकार सोडून प्रमाण

मग व्यक्तिमत्त्व मोजताच येत नाही का? येते, पण खण सोडून प्रमाण धरले तर.

१९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसामाणसांतला फरक सांगणारे जवळजवळ १८ हजार शब्द काढले. पुढच्या अर्धशतकात अनेक संशोधकांनी अशा शब्दांचे गट पाडले. कोणते गुण एकत्र आढळतात, ते गणिताने शोधले. हळूहळू पाच मोठी परिमाणे समोर आली : नव्या अनुभवांची ओढ, कामातला नेटकेपणा व कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि मनाची चटकन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती. यांना ‘बिग फाइव्ह’ म्हणतात. इथे कोणीही अमुक प्रकारचा नसतो. प्रत्येकाला पाचही मोजपट्ट्यांवर कमीअधिक गुण मिळतात.

रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा यांनी १९८९ मध्ये दाखवले की मायर्स-ब्रिग्जच्या चार जोड्या या पाचांपैकी चारांशी बऱ्यापैकी जुळतात. म्हणजे त्या चाचणीत काहीच तथ्य नाही असे म्हणणेही चूक ठरेल. ती खऱ्या फरकांनाच हात घालते, पण मोजपट्टी तोडून खण करते. शिवाय पाचवे परिमाण, म्हणजे अस्वस्थतेची प्रवृत्ती, ती पूर्ण वगळते. मुलांच्या बाबतीत तर हेच परिमाण सर्वांत आधी कळायला हवे, कारण परीक्षेचे दडपण, निराशा, चिडचिड यांचा संबंध त्याच्याशी आहे.

बिग फाइव्हची ताकदही माफक आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ साली अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. सर्व तऱ्हेच्या कामांत उपयोगी पडणारे एकच परिमाण ठळकपणे निघाले, ते म्हणजे कर्तव्यदक्षता. पण तिचा कामगिरीशी सहसंबंध ०.२ च्या आसपास होता. याचा अर्थ माणसामाणसांच्या कामगिरीतल्या फरकापैकी सुमारे चार टक्केच त्यातून उलगडतो. हजार उमेदवारांतून निवड करणाऱ्याला एवढ्याचाही फायदा होतो. समोर बसलेल्या एका मुलीचे भविष्य सांगायला मात्र ते फार अपुरे आहे.

शिवाय ही परिमाणे आयुष्यभर स्थिर राहत नाहीत. वर्षानुवर्षे त्याच माणसांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत दिसते की तारुण्यापासून मध्यम वयापर्यंत कर्तव्यदक्षता साधारणपणे वाढत जाते. जबाबदारी अंगावर पडली की माणूस नेटका होतो, हा घरोघरचा अनुभव आकड्यांतही दिसतो. पंधराव्या वर्षी आलेला आकडा पस्तिसाव्या वर्षाला लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

वर्गात अबोल, रंगमंचावर बुलंद

इटियाडोहचा सगळा परिसर झाडीपट्टीत येतो. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम लागला की गावोगावी रात्रभर नाटके होतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्यांचे मोठे केंद्र. दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यप्रकारांची परंपरा त्याहून जुनी आहे. वर्गात मान खाली घालून बसणारा मुलगा दंडारीत उभा राहिला की अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा बोलतो, हे इथल्या शिक्षकांना नवे नाही. त्याला अंतर्मुख म्हणायचे की बहिर्मुख?

हाच प्रश्न मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली मानसशास्त्रापुढे टाकला. चाचणीतल्या गुणांचा आणि एखाद्या विशिष्ट प्रसंगातल्या वागण्याचा सहसंबंध सहसा ०.३ च्या पुढे जात नाही, हे त्यांनी उपलब्ध अभ्यासांवरून दाखवले. माणूस कसा वागेल हे त्याच्या स्वभावाइतकेच प्रसंगावर अवलंबून असते, असा त्यांचा सांगावा होता. त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. आज बहुतेक संशोधक एवढे मान्य करतात : एका प्रसंगातले वागणे चाचणीवरून सांगता येत नाही, पण पुष्कळ प्रसंगांची सरासरी काढली तर स्वभावाचे सातत्य दिसते. वर्षभर मुलाला वर्गात, मैदानात, शेतात आणि नाटकाच्या तालमीत पाहणाऱ्या शिक्षकाजवळ अशी सरासरी असते. चाचणीजवळ एका दिवसाचे, मुलाने स्वतःबद्दल दिलेले उत्तर असते. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर जे दिसते ते एकट्या कागदात दिसणार नाही.

प्रश्न कोणाच्या जगातले?

चाचणी ज्या लोकांवर तयार झाली, त्यांच्याहून वेगळ्या लोकांना दिली तर काय होते? दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात राहणाऱ्या चिमाने या आदिवासी समाजाचा अभ्यास मायकेल गर्वन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. शेती, शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या ६३२ प्रौढांना बिग फाइव्हचे प्रश्न विचारले. पाच परिमाणे निघाली नाहीत. त्याऐवजी दोनच ठळक दिसली : लोकांशी सलोख्याने वागणे आणि कष्टाळूपणा. लहान वस्तीत सगळेच सगळी कामे करतात. तिथे स्वभावाचे धागे एकमेकांत वेगळ्या रीतीने गुंततात.

२०१९ मध्ये याहून मोठा अभ्यास आला. रशीद लाजाज आणि सहकाऱ्यांनी कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या २३ देशांतील सुमारे ९५ हजार लोकांची, प्रत्यक्ष भेटीत घेतलेली उत्तरे तपासली. नेहमीचे प्रश्न तिथे अभिप्रेत गोष्ट मोजत नव्हते. त्याच देशांतल्या इंटरनेटवरून उत्तरे देणाऱ्यांमध्ये मात्र पाच परिमाणे बऱ्यापैकी दिसत होती. एक मोठी अडचण होती होकार देण्याच्या सवयीची. समोर शिकलेला पाहुणा बसून विचारतो आहे म्हटल्यावर अनेक जण प्रश्न कोणताही असो, ‘हो’ म्हणतात. मग मी व्यवस्थित आहे यालाही हो, आणि मी अव्यवस्थित आहे यालाही हो.

आता हे अर्जुनी-मोरगाव तालुक्यात आणून पाहा. इथे घरी गोंडी बोलणारी मुले आहेत, झाडीबोली बोलणारी आहेत. गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला १९७० च्या दशकात वसलेल्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत तिबेटी बोलणारी घरे आहेत. जलाशयात मासेमारी करणारी ढिवर कुटुंबे आहेत. उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफूल गोळा करणारी आहेत. शहरी प्रश्नावली विचारते, अनोळखी लोकांच्या समारंभात तुम्ही स्वतःहून ओळख करून घेता का? ज्या गावात सगळेच एकमेकांना जन्मापासून ओळखतात, तिथल्या मुलीने याचे काय उत्तर द्यावे?

कलचाचणीपुढे तर आणखी एक अडचण असते. आवड ही पाहिलेल्या गोष्टींची असते. ज्या मुलाने गणवेशातला पोलीस, शाळेतला गुरुजी आणि बांधीतला शेतकरी एवढेच कामकरी जवळून पाहिले, त्याचा ओढा पोलीस खात्याकडे निघाला तर त्यात नवल नाही. मत्स्यशास्त्रज्ञ, जलसंपदा अभियंता, भूजल सर्वेक्षक, वनस्पतिशास्त्रज्ञ यांचे काम त्याने कधी पाहिलेच नाही. खरे तर त्याच्या दाराशी असलेल्या धरणाला, तलावांना आणि जंगलाला हीच माणसे लागतात. ज्याची ओळखच करून दिली नाही, त्याचा कल कोणती चाचणी मोजणार? म्हणून अशा भागात चाचणीच्या आधी ओळख करून देणे आले. मुलांना धरणाच्या दरवाजांवर, मत्स्यबीज केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, वर्कशॉपमध्ये नेले पाहिजे. मगच कल विचारण्यात अर्थ आहे.

निवड करताना

चाचणीवरून माणसाची निवड करायचीच असेल तर ती किती काळजीने करतात, याचा एक नमुना आपल्या देशात आहे. सैन्यातले अधिकारी निवडण्यासाठी १९४३ साली डेहराडूनला प्रायोगिक निवड मंडळ बसले. आजची एसएसबीची, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची, पद्धत त्यातूनच वाढली. पाच दिवस उमेदवार तिथे राहतो. चित्र पाहून गोष्ट लिहायची, पंधरा-पंधरा सेकंदांना एक याप्रमाणे साठ शब्दांवर सुचेल ते वाक्य लिहायचे, प्रसंग दिल्यावर काय कराल ते लिहायचे, अशा मानसशास्त्रीय चाचण्या होतात. पण त्या एकट्यांवर निकाल लागत नाही. मानसशास्त्रज्ञ, गट चाचणी घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे उमेदवाराला स्वतंत्रपणे पाहतात. शेवटच्या दिवशी सगळे मिळून मत बनवतात. चित्रावरून गोष्ट लिहवून घेणाऱ्या चाचण्यांच्या अचूकतेवर जगभर वाद आहेत. म्हणूनच एका साधनावर न विसंबण्याची ही शिस्त महत्त्वाची आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी, स्वभाव आणि करिअर सांगणारी ‘डीएमआयटी’. ती पालकांना मोठ्या शास्त्रीय भाषेत विकली जाते. बोटांवरच्या रेषा गर्भातच तयार होतात. त्यांचा स्वभावाशी किंवा हुशारीशी असा संबंध सिद्ध झालेला नाही. तिला शास्त्रीय आधार नसल्याचे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने सांगितले आहे. मुलाला एकही प्रश्न न विचारता त्याचे आयुष्य सांगणाऱ्या या चाचणीवर एक रुपयाही खर्च करू नये.

मग उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो छोटा नाही. चाचणी बोलायला विषय देते. ‘तुला गर्दीत थकवा येतो का?’, ‘काम आखून केलेले बरे वाटते की ऐनवेळी?’ असे प्रश्न आपल्या घरांत कोणी विचारत नाही. अहवाल हाती आल्यावर मुलगी आईला सांगू शकते की यातले हे खरे आहे आणि हे मुळीच नाही. तिच्या या दुरुस्तीत अहवालापेक्षा जास्त माहिती असते. शांत असणे हा दोष नव्हे, एवढे जरी एखाद्या मुलाला कळले, तरी त्याचे ओझे हलके होते. एकत्र काम करणाऱ्यांना एकमेकांच्या सवयी समजून घ्यायलाही तिची मदत होते.

चाचणी घेण्याआधी मात्र काही प्रश्न विचारायचा हक्क पालकांना आणि शिक्षकांना आहे. ही चाचणी मराठी मुलांवर तपासून प्रमाणित केलेली आहे का, की परदेशी प्रश्नावलीचे नुसते भाषांतर आहे? ज्यांच्याशी तुलना केली त्या मुलांत ग्रामीण आणि आदिवासी मुले होती का? ती पुन्हा दिली तर उत्तर किती वेळा तेच येते? अहवाल देणारा प्रशिक्षित समुपदेशक आहे का, आणि तो मुलाशी निदान तासभर बोलणार आहे का? मुलाची उत्तरे कोणाकडे जातील? महाराष्ट्रात हे काम जबाबदारीने करण्याची परंपरा आहे. मुंबईत १९५० च्या सुमारास शासनाचे व्यवसाय मार्गदर्शनाचे काम सुरू झाले. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने मराठी मुलांसाठी मानसशास्त्रीय चाचण्यांवर दीर्घकाळ काम केले आहे. अशा संस्थांचे अनुभवी लोक पूर्व विदर्भाच्या तालुक्यांपर्यंत पोचले पाहिजेत, आणि गोंडी व झाडीबोली बोलणाऱ्या मुलांसाठी प्रश्न त्यांच्या जगण्यातून तयार झाले पाहिजेत. ही मागणी शिक्षण खात्याकडे नेटाने लावून धरण्याजोगी आहे.

निष्कर्ष थोडक्यात असा : सोळा खणांच्या चाचण्या मोजमाप म्हणून कच्च्या आहेत, पण संवादाची सुरुवात म्हणून उपयोगी आहेत. प्रमाणात मोजणाऱ्या चाचण्या अधिक भरवशाच्या आहेत, तरी त्या एका माणसाचे भविष्य सांगू शकत नाहीत. आपल्या मुलांवर न तपासलेली चाचणी आपल्या मुलांबद्दल फारसे सांगत नाही. पालकांना आणि शिक्षकांना विनंती एवढीच, की चाचणीच्या अहवालावरून कोणत्याही मुलासाठी एखादी वाट बंद करू नका. अहवाल मुलासोबत बसून वाचा, जे पटत नाही त्यावर त्याला बोलू द्या, आणि निर्णयाआधी ते काम त्याला एकदा प्रत्यक्ष पाहू द्या.